फसलेल्या खुर्चीची गोष्ट : चार्ल्स ईम्स



मुलाचा एखादा प्रयोग फसला की आपण पटकन तो बाजूला ठेवायला सांगतो ना? आज अशा माणसाची ओळख करून घेऊया, ज्याने फसलेली खुर्ची दहा वर्षं सोडली नाही.

चार्ल्स ईम्स यांचा जन्म १७ जून १९०७ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात झाला. वास्तुकलेचं शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं. १९४० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने फर्निचरची स्पर्धा घेतली. मित्र ईरो सारिनेन यांच्यासोबत चार्ल्सनी शरीराच्या आकाराप्रमाणे वळवलेली प्लायवुडची खुर्ची तयार केली. बक्षीस मिळालं, पण ती खुर्ची कारखान्यात स्वस्तात बनेना. प्लायवुड एकाच वेळी दोन दिशांना वाकवलं की तडकायचं.

१९४१ मध्ये चित्रकार रे कायझर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. दोघांनी लॉस एंजेलिसच्या राहत्या घरातच प्लायवुड वळवायचं यंत्र बनवलं. दाब देण्यासाठी चक्क सायकलचा पंप वापरला! तेवढ्यात महायुद्ध आलं. जखमी सैनिकांच्या मोडलेल्या पायाला बांधायच्या धातूच्या पट्ट्यांमुळे हादरे बसत. ईम्स दांपत्याने पायाच्या आकाराच्या प्लायवुडच्या पट्ट्या बनवल्या. अशा सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या.

हा अनुभव खुर्चीच्या कामी आला. १९४६ च्या खुर्चीत त्यांनी हट्ट सोडून आसन आणि पाठ वेगळे केले. पुढे १९५० मध्ये फायबरग्लासची अखंड खुर्ची बाजारात आली. मूळ स्वप्न पूर्ण झालं, फक्त साहित्य बदललं.

आपल्याशीही त्यांचं नातं आहे बरं का! भारत सरकारच्या निमंत्रणावरून दोघं इथे आले, देशभर फिरले आणि १९५८ मध्ये अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वात जास्त कौतुक कशाचं केलं? आपल्या साध्या लोट्याचं! पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडत गेलेली ती उत्तम वस्तू त्यांना वाटली. याच अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

एक गोष्ट मात्र खटकते. काम दोघांचं, पण नाव बहुतेक वेळा एकट्या चार्ल्सचं झालं. मुलांना सांगताना रे यांचं नाव विसरू नका.

चार्ल्स २१ ऑगस्ट १९७८ रोजी गेले. रे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला गेल्या.

उद्या वर्गात एक लोटा घेऊन जा. तो असाच का, हे मुलांना विचारा. आणि कुणाचं काही फसलं, तर लगेच टाकून देऊ नका. त्यातून काय शिकलो, ते आधी बघा.