कराची ते जुहू सव्वासात तासांत! जेआरडींचे १९३२चे उड्डाण नेमके काय होते?

नकाशावर अहमदाबाद ते मुंबईतील जुहू अशी सरळ रेघ ओढली तर ती पालघर तालुक्यातील केळवे-एडवणच्या किनारपट्टीजवळून जाते. देशातील पहिल्या नियमित हवाई टपाल सेवांपैकी एक याच दिशेने सुरू झाली. वैमानिक होते जेआरडी टाटा.

विमानाचे वेड कुठून आले?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच, वडील पारशी. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्या ब्लेरिओ यांचे घर फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांच्या शेजारीच होते. लहानपणी तिथेच त्यांनी पहिली विमानफेरी मारली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

शर्यत का हरले?

१९३० मध्ये भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी बक्षीस ठेवले. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकलेले दिसले. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग दिला. थोड्याच तासांच्या फरकाने अस्पी जिंकले. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले.

सव्वासात तास का लागले?

त्या काळी लंडनहून विमानाने कराचीला आलेले टपाल पुढे रेल्वेने येई. हा वेळ वाचवण्यासाठी नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे योजना मांडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी पुस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून कराचीहून निघाले.

कराची-मुंबई सरळ अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. अहमदाबादमार्गे ते हजाराच्या पुढे जाते. विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. म्हणजे हवेत साधारण साडेसहा तास. त्यात अहमदाबादचा थांबा, तिथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले इंधन भरायचे. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले.

जुहूची धावपट्टी म्हणजे मोकळे मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, मग विमाने पुण्याहून सुटत.

पुढे काय झाले?

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. निर्णय जेआरडींना पटला नव्हता, तरी ते अध्यक्ष राहिले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून हटवले.

१९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा ७८ वर्षांच्या जेआरडींनी छोट्या लेपर्ड मॉथमधून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला जेआरडी नव्हते.

आज मुंबई-अहमदाबाद विमान हवेत जेमतेम तासभर असते. विमानतळावर जाणे, तपासणी आणि थांबणे यातच त्याहून जास्त वेळ जातो.