डॉ. सुभाष मुखर्जी

मूल नसलेल्या स्त्रीच्या वाट्याला आपल्या समाजात जे दुःख येत आले आहे, त्याची पुरती कल्पना पुष्कळदा तिच्या घरातल्या माणसांनाही नसते. ओटी भरण्याच्या वेळी तिला मागे ठेवले जाते, बारशाचे बोलावणे तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि दोष कोणाचा याची चौकशी न करताच तो तिच्या माथी मारला जातो. नवससायास होतात, उपासतापास होतात. जे महाराष्ट्रात घडते तेच बंगालमध्येही घडते. या दुःखावर शास्त्राच्या मार्गाने उपाय शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे यश मात्र त्यांच्या हयातीत कोणी खरे मानले नाही.

सुभाषबाबूंचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. हे गाव आता झारखंड राज्यात आहे. त्यांचे वैद्यकीय शिक्षण कोलकात्यास झाले व १९५५ साली त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. दवाखाना थाटून पैसा मिळविण्याचा राजमार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. परंतु त्यांचा ओढा शरीरक्रियाशास्त्राकडे होता. शरीरातील ग्रंथी संप्रेरके निर्माण करतात आणि त्यांच्या अल्पशा अंशानेही प्रजोत्पादनाची सारी व्यवस्था चालते किंवा बिघडते, या विषयाने त्यांना वेधून घेतले. १९५८ साली कोलकाता विद्यापीठाने त्यांना पीएच्. डी. दिली. एवढ्याने समाधान न होता ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले आणि १९६७ साली तेथील विद्यापीठाचीही तीच पदवी मिळवून स्वदेशी परतले. पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन आणि उरलेल्या वेळात संशोधन असा त्यांचा क्रम सुरू झाला. ते शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक होते, स्त्रीरोगांचे नामांकित चिकित्सक नव्हते. आणि ही गोष्ट पुढे त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

स्त्रीच्या अंडाशयात तयार झालेले बीज अंडनलिकेतून गर्भाशयाकडे येते आणि वाटेत, त्या नलिकेतच, ते फलित होते. ही नलिका बंद असली तर स्त्री कितीही निरोगी असो, तिला मूल होणे कठीण. तेव्हा ते बीज शरीराबाहेर आणावे, काचेच्या पात्रात फलित करावे आणि वाढू लागलेला गर्भ मातेच्या गर्भाशयात ठेवावा, असा विचार जगातील काही शास्त्रज्ञ करू लागले होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स व पॅट्रिक स्टेप्टो यांनी अनेक वर्षे खपून हा प्रयोग तडीस नेला आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मास आली. साऱ्या जगात तिचा गाजावाजा झाला. अशा बालकांना लोक टेस्ट ट्यूब बेबी म्हणू लागले.

त्याच सुमारास कोलकात्यात सुभाषबाबू याच ध्येयाकडे निराळ्या वाटेने चालले होते. त्यांच्याजवळ साधनसामग्री तुटपुंजी होती. सोबतीस दोन सहकारी होते : जादवपूर विद्यापीठातील शीतजीवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी निसर्गक्रमाने महिन्यात जे एकच बीज पक्व होते तेवढ्यावर भिस्त ठेवली होती. सुभाषबाबूंनी संप्रेरके टोचून एकाच वेळी अधिक बीजे पक्व करविली, म्हणजे एक फुकट गेले तरी दुसरे हाताशी राहावे. पण येथे एक अडचण होती. संप्रेरकांच्या माऱ्याने गर्भाशयाची स्थिती गर्भ रुजण्यास अनुकूल राहत नाही. मग काय करावे? गर्भ थांबवून धरावा! त्यांनी फलित झालेले गर्भ अतिशीत अवस्थेत गोठवून ठेवले. नुसत्या थंडीने पेशीतील पाण्याचे स्फटिक होतात आणि त्यांच्या टोकदार कडांनी पेशी फाटते. म्हणून त्यांनी एका संरक्षक द्रव्याचा उपयोग केला. त्रेपन्न दिवसांनी ते गर्भ पुन्हा उबेत आणले आणि पुढच्या एका नैसर्गिक ऋतुचक्रात मातेच्या गर्भाशयात ठेवले. शेतकरी बियाणे राखून ठेवतो आणि वाफसा आल्यावर पेरतो, तसाच हा प्रकार होता.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी, दुर्गापूजेचे दिवस तोंडावर आले असताना, त्या मातेस कन्या झाली. लुईस ब्राऊननंतर अवघ्या दहा आठवड्यांनी जन्मलेल्या या मुलीला जगाने दुर्गा या नावाने ओळखले. तिचे खरे नाव प्रकट करण्यात आले नाही. आईवडील एका जुन्या वळणाच्या कुटुंबातील होते. आपल्या मुलीकडे लोक विचित्र नजरेने पाहतील, तिच्या जन्माविषयी नाही नाही ते बोलतील, ही धास्ती त्यांना वाटत होती, आणि त्या काळी ती अगदीच अनाठायी नव्हती. सुभाषबाबूंनी त्यांच्या इच्छेचा मान राखला. आपल्या कार्याचा सर्वांत मोठा पुरावा त्यांनी स्वतःच पडद्याआड राहू दिला.

यथाकाल त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्यास आपल्या प्रयोगाचा अहवाल सादर केला. शीतविज्ञानाच्या एका भारतीय नियतकालिकातही त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. परंतु कौतुकाऐवजी संशय पुढे आला. नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने या दाव्याची छाननी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओलहरींच्या पदार्थविज्ञानाचे अभ्यासक होते. ते आपल्या विषयात कितीही विद्वान असले, तरी मानवी गर्भाच्या प्रश्नाचा निवाडा करण्यास त्यांना का बसवावे, हे कोडेच आहे. शास्त्रात शंका घेणे मुळीच गैर नाही. उलट शंका हा शास्त्राचा प्राण आहे. पण शंका घेणाऱ्याने प्रयोगशाळेत जावे, नोंदी चाळाव्या, कृती समजून घ्यावी. या समितीने डॉक्टरांना प्रश्न पुष्कळ विचारले. शिकून घेण्याची इच्छा तीत थोडी दिसली. अखेर तिने त्यांचा दावा अविश्वसनीय ठरविला.

त्यानंतर संकटांची मालिका सुरू झाली. १९७९ साली जपानमधील क्योतो येथे विद्वानांसमोर आपले कार्य मांडण्याची संधी त्यांना चालून आली होती. सरकारी नोकर असल्याने परवानगी लागे, ती नाकारण्यात आली. कोलकात्याहून त्यांची बदली बाँकुडा येथे झाली. प्रयोगशाळा सुटली. त्यांना हृदयविकाराने गाठले. १९८१ साली त्यांना नवा हुकूम मिळाला आणि नेत्ररोगांच्या एका संस्थेत त्यांची नेमणूक झाली. ज्याने सारे आयुष्य प्रजननशास्त्रात घालविले, त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात बसविणे म्हणजे त्याच्या संशोधनाचे दार कायमचे लावून घेणे होते. हा आघात त्यांना सोसवला नाही. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपल्याच हातांनी आपले जीवन संपविले. मागे पत्नी नमिता राहिल्या. त्यांना मूल नव्हते.

पुढे अनेक वर्षे सुभाषबाबूंचे नाव कोणी फारसे घेतले नाही. त्यांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन रमापद चौधुरी यांनी बंगालीत एक कादंबरी लिहिली, आणि तिच्या आधारे तपन सिन्हा यांनी १९९० साली 'एक डॉक्टर की मौत' हा हिंदी चित्रपट काढला. त्यात संशोधनाचा विषय बदलून कुष्ठरोगाची लस असा केला होता. तरी ज्यांना ठाऊक होते त्यांनी ओळखायचे ते ओळखले. दरम्यान शास्त्र पुढे जात होते. गोठवून ठेवलेल्या गर्भापासून बालक जन्मल्याची ऑस्ट्रेलियातील घटना १९८४ साली जगात पहिली म्हणून नोंदली गेली. कोलकात्यातील तशीच घटना तिच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ घडली होती, याची कोणास दखल नव्हती.

भारतातही पहिलेपणाचा मान दुसरीकडे गेला होता. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली आणि देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. या कार्याच्या नोंदी चोख होत्या व त्याबद्दल कोणास शंका नव्हती. आनंद कुमार हे परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते. १९९७ साली एका परिषदेच्या निमित्ताने ते कोलकात्यास गेले असता सुभाषबाबूंच्या टाचणांची व पत्रव्यवहाराची जपून ठेवलेली कागदपत्रे त्यांच्या हाती आली. ती त्यांनी बारकाईने वाचली. कोणती संप्रेरके, केव्हा, किती दिली. बीजे कशी काढली. गर्भ कसे गोठविले. सारे त्यांनी ताडून पाहिले. स्वतः हे काम केलेल्या माणसाला खरे काय व बनावट काय हे सांगावे लागत नाही. त्यांची खात्री पटली.

आता त्यांच्यापुढे पेच होता. ही गोष्ट बोलावी तर आपल्या माथ्यावरचा पहिलेपणाचा मान आपणच उतरवून ठेवायचा. न बोलावी तर कोणी जाब विचारणारे नव्हते. आनंद कुमार बोलले. त्याच वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून, भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखर्जी होत, असे त्यांनी निःसंदिग्धपणे जाहीर केले. विद्वानाचा असा मोठेपणा नित्य पाहावयास मिळत नाही. या लेखाने वारे फिरले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जगातील वैद्यकशास्त्रज्ञांच्या चरित्रकोशातही सुभाषबाबूंना स्थान मिळाले.

तरीही कागदापेक्षा मोठा पुरावा होता तो त्या मुलीचा, आणि ती आता मोठी झाली होती. तिने उत्तम शिक्षण घेतले होते, ती नोकरी करीत होती. १९७८ सालची भीती तिच्या मनात नव्हती, किंवा असली तरी तिने तिला जुमानले नाही. २००३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, डॉ. मुखर्जींच्या स्मरणार्थ झालेल्या समारंभात ती सर्वांसमोर उभी राहिली आणि दुर्गा ती मीच, हे तिने आपल्या खऱ्या नावानिशी सांगितले. ज्या डॉक्टरांना खोटे ठरविण्यात आले, त्यांच्यामुळे आपण या जगात आलो, याची ग्वाही तिने दिली. पुढेही, ज्या ज्या वेळी कोणी विचारले त्या त्या वेळी, ती त्यांच्याविषयी बोलत राहिली.