विश्लेषण : टिळकांचा विश्वासू सहकारी, माझगावचा कॅथलिक! ‘काका’ बॅप्टिस्टांनी धर्म आणि पक्ष यांचा हिशेब कसा मांडला?

ख्रिस्ती मते कोणत्या पक्षाकडे जाणार, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका ख्रिस्ती बॅरिस्टरने हा प्रश्नच चुकीचा ठरवला होता. जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या आयुष्याचा हा आढावा.

निवडणूक महापालिकेची असो वा लोकसभेची, पनवेल, कामोठे, खारघर पट्ट्यात उमेदवारांच्या भेटीगाठींत चर्चही येते. नाताळच्या शुभेच्छांचे फलक लागतात, व्हॉट्सअॅपवर ख्रिस्ती मतांची आकडेमोड फिरू लागते. या पट्ट्यातला ख्रिस्ती मतदार मात्र एकसारखा नाही. उरण, रेवदंडा, कोर्लई या भागांत पोर्तुगीज काळापासूनचा ख्रिस्ती समाज आहे. सिडकोच्या वसाहतींत केरळ, तामिळनाडू, गोवा, मंगळुरूहून आलेली कुटुंबे आहेत. भाषा वेगळी, पंथ वेगळा, नोकरी-धंदाही वेगळा. मग या सगळ्यांचे मत एकाच गठ्ठ्यात कसे मोजायचे?

कोण होते काका बॅप्टिस्टा?

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. कुटुंब मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. उत्तर कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या जुन्या कॅथलिक समाजाचे, म्हणजे आज ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात त्यांच्यापैकी ते होते. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत शिकून त्यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. आज सीओईपी म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. पुढे ते इंग्लंडला गेले, केंब्रिजमध्ये राज्यशास्त्र शिकले आणि बॅरिस्टर होऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला परतले.

वकिली, मुंबई महापालिका, लोकमान्य टिळकांचे राजकारण आणि कामगार चळवळ अशा चार आघाड्यांवर त्यांनी आयुष्य घालवले. लोक त्यांना प्रेमाने काका म्हणत. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची टिळकांची प्रसिद्ध घोषणा मुळात बॅप्टिस्टांनी सुचवली, असेही सांगितले जाते.

त्यांच्या समाजाचे राजकारण तेव्हा काय होते?

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला. त्याच वर्षी मुंबई, साष्टी, वसई भागातल्या कॅथलिकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले आणि त्या नावाची संघटना स्थापन केली. हे नाव सरळ ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारे होते.

त्यामागे पोटापाण्याचे कारण होते. गोव्यातून आलेले कॅथलिक पोर्तुगीजांचे प्रजाजन होते. मुंबईतल्या स्थानिक कॅथलिकांची नावे आणि आडनावे तशीच असल्याने सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, गोदीत नोकरी देताना सगळ्यांना एकाच मापाने मोजले जाई. आपण ब्रिटिशांचे जुने प्रजाजन आहोत, हे दाखवण्यासाठी नवे नाव उपयोगाचे होते.

थोडक्यात, समाजाचे हित सरकारशी जमवून घेण्यात आहे, असे मानण्यासारखी परिस्थिती होती. राज्यकर्ते ख्रिस्ती, नोकऱ्या त्यांच्या हातात आणि समाज संख्येने लहान. अशा वेळी सरकारच्या विरोधात उभे राहण्यात व्यवहारी शहाणपण नव्हते. बॅप्टिस्टांनी नेमकी तीच वाट धरली.

टिळकांशी नाते कसे जुळले?

बॅप्टिस्टा इंग्लंडमध्ये शिकत होते तेव्हा तिथल्या राजकारणात आयर्लंडच्या होमरूलचा प्रश्न गाजत होता. आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक, राज्यकर्तेही ख्रिस्तीच, तरीही आयरिश लोक स्वतःचा कारभार मागत होते. राज्यकर्त्याचा धर्म आणि आपला धर्म जवळचा असला, तरी त्यामुळे परक्याचे राज्य आपले होत नाही, हा धडा त्यात होता. हिंदुस्थानातही तशीच होमरूलची मागणी करावी, हा विचार बॅप्टिस्टांनी लावून धरला.

१९०८ मध्ये केसरीतल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. टिळकांनी बचावाचे भाषण स्वतः केले, पण कायद्याच्या बाजूने त्यांना मदत करणाऱ्यांत बॅप्टिस्टा होते. लेख मराठीत लिहिलेले होते आणि त्यांचा न्याय ज्युरी करणार होती. सरकारने खास ज्युरी मागितली तेव्हा बॅप्टिस्टांनी तिला विरोध केला. मराठी न जाणणाऱ्यांच्या हाती मराठी लेखांचा निवाडा जाणार, ही त्यातली अडचण होती. अखेर ज्युरीतल्या ७ जणांनी टिळकांना दोषी, तर २ जणांनी निर्दोष ठरवले. टिळकांना सहा वर्षे मंडालेला पाठवण्यात आले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला.

दोन वर्षांनी विनायक दामोदर सावरकर यांच्यावर मुंबईत खटला चालला, तेव्हाही बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. अशा आरोपींची वकीलपत्रे घेणे सरकारदरबारी वजन वाढवणारे नव्हते, हे सांगायला नको.

होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे का?

टिळक १९१४ मध्ये मंडालेहून परतले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला इंडियन होमरूल लीग स्थापन झाली. तिचे चिटणीस झाले न. चिं. केळकर आणि अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही.

या निवडीला राजकीय अर्थ होता. स्वराज्याची मागणी एका जातीची किंवा एका धर्माची आहे, असे सरकारचे समर्थक म्हणत. लीगच्या प्रमुखपदी कॅथलिक बॅरिस्टर बसल्यावर ते म्हणणे टिकवणे अवघड झाले. पण बॅप्टिस्टांना केवळ शोभेसाठी बसवले होते, असेही नाही. होमरूलची कल्पना त्यांनी आधीपासून मांडली होती आणि १९१७ मध्ये लीगसाठी ते इंग्लंडला गेले. तिथल्या मजूर पक्षात हिंदुस्थानच्या स्वराज्यासाठी पाठिंबा मिळवणे, हे त्यांचे मुख्य काम होते.

खरी अडचण कुठे होती?

टिळकांचे राजकारण गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या मांडवातून लोकांपर्यंत पोहोचले होते. त्यातली भाषा, प्रतीके, आरत्या हिंदू घरातल्या होत्या. एका श्रद्धाळू कॅथलिकाने त्यात कुठे उभे राहायचे? आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्याची आठवण ज्या समाजात वेगळ्या पद्धतीने सांगितली जात होती, त्या समाजातल्या माणसाने मराठी राष्ट्रवादाशी नाते कसे जोडायचे?

बॅप्टिस्टांच्या वागण्यातून याचे उत्तर दिसते. त्यांनी आपली श्रद्धा सोडली नाही, लपवलीही नाही. टिळकांनी त्यांची प्रतीके बदलावीत, अशी अटही घातली नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या कामाशीही त्यांचे नाव जोडले जाते. दोघांना जोडणारा धागा एका ठोस मागणीचा होता : राज्यकारभार इथल्या लोकांच्या हाती यावा. देव कोणता, यावर एकमत होण्याची त्या मागणीला गरज नव्हती.

यात धोका होताच. बहुसंख्याकांच्या प्रतीकांवर उभे राहिलेले राजकारण पुढे अल्पसंख्याकांना परके ठरवू शकते, ही भीती तेव्हाही खोटी नव्हती आणि आजही नाही. बॅप्टिस्टांनी बाहेर थांबून हमी मागण्याऐवजी आत जाऊन जागा मिळवली. हा मार्ग प्रत्येकाला जमेल किंवा पटेल असे नाही. पण आत शिरल्यामुळेच ते लीगचे धोरण ठरवणाऱ्यांत होते, हेही खरे.

कामगार चळवळीत ते कसे आले?

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार होते. त्यातले बहुसंख्य हिंदू, मग मुसलमान, ख्रिस्ती थोडेच. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस म्हणजे आयटक स्थापन झाली, तेव्हा लाला लजपत राय अध्यक्ष होते आणि उभारणीच्या कामात बॅप्टिस्टा पुढे होते. १९२१ मध्ये झरिया या कोळसा खाणींच्या गावी झालेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते.

या काळात एक स्वतंत्र पक्ष काढण्याचाही प्रयत्न झाला. त्याच्या इंग्रजी दैनिकाचे संपादक व्हावे, अशी विनंती बॅप्टिस्टांनी पाँडिचेरीत राहणाऱ्या अरविंद घोष यांना केली होती. अरविंदांनी जानेवारी १९२० मध्ये पत्र लिहून नम्र नकार दिला. हा पक्ष डोळ्यांसमोर होता तो सामाजिक लोकशाहीच्या धर्तीवरचा. ख्रिस्तींचा पक्ष काढण्याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

कॅथलिक चर्चनेही १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांच्या परिपत्रकातून कामगारांचे वेतन आणि संघटनेचा हक्क यांची बाजू घेतली होती. श्रद्धा आणि राजकारण यांचा संबंध कुठे येतो, हे इथे दिसते. कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे श्रद्धा सांगत नाही. पण कष्टकऱ्याला न्याय मिळतो का, हा प्रश्न विचारायला ती नक्की लावते.

मुंबई महापालिकेत बॅप्टिस्टा अनेक वर्षे नगरसेवक होते. १९२५-२६ मध्ये ते पालिकेचे प्रमुख झाले. त्या वेळी या पदाला अध्यक्ष म्हणत. महापौर हे नाव १९३१ मध्ये आले. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे.

ख्रिस्तींना वेगळे मतदारसंघ होते का?

होते, पण थोडा काळ. १९०९ च्या सुधारणांत मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले. १९१९ च्या कायद्याने मद्रास प्रांतात ख्रिस्तींनाही ते मिळाले. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्तींसाठी ३ जागा ठेवल्या. म्हणजे ख्रिस्ती मतदार फक्त ख्रिस्ती उमेदवारांतून निवड करणार. बॅप्टिस्टांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आलेली ही व्यवस्था त्यांच्या वाटेच्या नेमकी उलट होती.

संविधान सभेत हा विषय पुन्हा आला. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. मद्रासचे जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसूझाही सभेत होते. अखेर धर्मावर आधारित वेगळे मतदारसंघ रद्द झाले आणि १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रस्तावही मागे पडला. त्याच्या जागी धर्मस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क आणि सर्वांना सारखे मत मिळाले. २०२० पर्यंत राहिलेल्या नामनियुक्त जागा अँग्लो-इंडियन समाजासाठी होत्या, सर्व ख्रिस्तींसाठी नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत अनेकदा होते.

आज कायदा आणि चर्च काय सांगतात?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, अशी भीती घालणेही त्याच कलमात बसते. मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने निकाल दिला. केवळ उमेदवाराच्या नव्हे, तर मतदाराच्या धर्माचा हवाला देऊन मत मागणेही या कलमाखाली येते, असे त्यात ठरले. शिवाय १९८८ च्या कायद्यानुसार देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कोणत्याही धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही.

कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमांतही धर्मगुरूंना सत्तेची पदे घेण्यास आणि सर्वसाधारणपणे पक्षकार्यात सक्रिय होण्यास मनाई आहे. सामान्य श्रद्धाळूंना मात्र हवा तो पक्ष निवडण्याची मोकळीक आहे.

मग ख्रिस्ती मत असते की नसते?

प्रार्थनेच्या स्वातंत्र्यावर, शाळांवर किंवा दफनभूमीच्या जागेवर प्रश्न येतो तेव्हा समाज एकत्र विचार करणार, हे स्वाभाविक आहे. ते हित आहे आणि हित पाहून मत देणे गुन्हा नाही. पण पाणी, घर, नोकरी, लोकलची गर्दी हे प्रश्नही त्याच मतदाराचे असतात. त्याला फक्त धर्माच्या रकान्यात टाकणारा पक्ष, मग तो त्याला आपला म्हणो वा परका, त्याचे निम्मे म्हणणे ऐकतच नाही.

बॅप्टिस्टांनी समाजाची मते कोणाच्या पदरात टाकली नाहीत. एक नागरिक म्हणून त्यांनी आपली बाजू निवडली आणि तिची किंमतही मोजली. माझगावच्या टेकडीवर, जिथे कधीकाळी इंग्रजांचा किल्ला होता, तिथल्या बागेला आज त्यांचे नाव आहे. हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्थानकाला लागूनच ती आहे. पनवेलहून थेट लोकल जाते.