नीरा मोजणाऱ्या कमलाबाई

तुमच्या घरी लहान भावंडं असेल, तर आई त्याला रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब देते, हे तुम्ही पाहिलं असेल. जीवनसत्त्व म्हणजे व्हिटॅमिन. आपल्या टिलबर्गमध्येच नाही, तर सगळ्या नेदरलँड्समध्ये चार वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायला सांगतात. दुधाच्या खोक्यावरही कॅल्शियम किती, ते छापलेलं असतं. हे आकडे आधी कोणीतरी मोजलेले असतात. भारतात असं मोजण्याचं काम डॉ. कमला सोहोनी यांनी केलं.

त्या माहेरच्या भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत त्यांची मोठी बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ साली कमलाबाई बीएस्सी झाल्या, त्याही पहिल्या नंबराने. मग त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले प्रमुख होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्ज एका मुलीचा होता!

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्या ऑफिसपुढे त्यांनी सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानणार नव्हते. सर सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको! ही शेवटची अट वाचून मला आजही राग येतो. कमलाबाईंनाही ती फार लागली. पण त्यांनी काम सुरू केलं. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे त्यांनी बटाट्यावर (हो, आपल्या रोजच्या बटाट्यावर!) संशोधन केलं आणि १९३९ साली पीएचडी मिळवली. त्यांचा प्रबंध फक्त ४० पानांचा होता.

भारतात परतल्यावर त्या दिल्ली, कुन्नूर आणि नंतर मुंबईत राहिल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडासारख्या झाडांतून पहाटे काढलेला गोड रस म्हणजे नीरा. गरीब मुलांना महागडी फळं कुठून मिळणार? पण नीरा स्वस्त होती. तिच्यात नक्की काय आहे, एवढंच शोधायचं होतं.

क जीवनसत्त्व मोजायची त्या काळातली एक पद्धत मजेदार आहे. आंबट केलेल्या रसात एक निळा रंग थेंब थेंब टाकायचा. क जीवनसत्त्व तो रंग घालवून टाकतं. ते संपलं की रस गुलाबी दिसू लागतो. रंग किती लागला, त्यावरून हिशोब करायचा. लोह मोजायला मात्र आधी पदार्थ जाळून त्याची राख करतात.

नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह आहे, असं कमलाबाईंना आढळलं. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. नुसत्या आकड्यांनी पोट थोडंच भरतं? नीट जेवण न मिळणाऱ्या आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिली गेली, तेव्हा त्यांची तब्येत खरंच सुधारली. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना बरंच उशिरा दिलं गेलं.

१९९८ साली त्यांचं निधन झालं. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात तर नीरा नक्की पिऊन बघा. पण सकाळी लवकर जा. ऊन चढलं की ती आंबते.