फ्रेडी मर्क्युरी: एकल अल्बमला उशिरा मिळालेला कौल
झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. झांझिबारमधील क्रांतीनंतर १९६४ मध्ये तो कुटुंबासह इंग्लंडला गेला आणि पुढे ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८५ च्या एप्रिलमध्ये ‘मिस्टर बॅड गाय’ हा त्याचा पहिला एकल अल्बम आला. क्वीनच्या गिटारला सरावलेल्या अनेक कानांना त्यातील नृत्यसंगीत परके वाटले. ब्रिटनमध्ये तो सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला; अमेरिकेने मात्र पाठ फिरवली. जुलैमध्ये ‘लाइव्ह एड’च्या मंचावर क्वीनसह त्याने वेम्ब्ली जिंकले. १९९१ मध्ये एड्सने त्याचा अंत झाला. १९९३ मध्ये याच अल्बममधील ‘लिव्हिंग ऑन माय ओन’चे रीमिक्स ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. श्रोत्यांचा कौल फिरला होता. तो ऐकायला गायक उरला नव्हता.