भगिनी रोझेटा थार्प
रोझेटाचे आईवडील कापूस वेचीत. आमच्या घरीही तेच, म्हणून हे आधी सांगितले. अमेरिकेतील अर्कान्सास राज्यात १९१५ साली ती जन्मली. लहानपणापासून आईबरोबर चर्चमध्ये गिटार वाजवी. १९३८ मध्ये तिने भक्तिगीते नाइट क्लबात नेली आणि चर्चची मंडळी दुखावली. रॉक अँड रोलचा ठेका मात्र तिच्याच गिटारीत आधी घुमला. एल्विस प्रेस्ली नंतरचा. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका ओस रेल्वे स्थानकात ती ओल्या फलाटावर उभी राहून गायली. श्रोते समोरच्या फलाटावर! पुढे मधुमेहाने पाय गेला. १९७३ मध्ये फिलाडेल्फियात ती वारली. तिच्या थडग्यावर तीसहून अधिक वर्षे नावाचा दगडही नव्हता.