जेम्स प्रिन्सेप : नाण्यांना नाव-गाव मिळवून देणारा टांकसाळीतला माणूस



मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने आजोबांचा नाण्यांचा डबा शाळेत आणला. मुलांना दाखवायची म्हणून तिने सगळी नाणी चिंच लावून लख्ख घासली होती. त्यात दोन-तीन नाणी खूप जुनी दिसत होती. ती कुठली, कुणी दिली, कुठे सापडली, असं विचारलं तर तिला काहीच सांगता येईना. आजोबांना माहीत होतं, पण आजोबा आता नाहीत. घासल्यामुळे एका नाण्यावरची अक्षरंही पुसट झाली होती. तिला रागवावंसं वाटलं नाही, कारण नाणी कशी जपायची हे आपण तिला कधी शिकवलंच नव्हतं.

म्हणून आज जेम्स प्रिन्सेप यांची गोष्ट सांगतो. सम्राट अशोकाचे लेख ज्यांनी वाचले, एवढीच त्यांची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकात असते. पण त्या वाचनाची वाट नाण्यांच्या डब्यांतून गेली होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

बालपण आणि शिक्षण

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील जॉन प्रिन्सेप भारतात नीळीच्या व्यापारात पैसा कमावून परत गेले होते. घरात भावंडं पुष्कळ. जेम्सचा हात चित्रकलेत आणि बारीक कामात चालायचा. त्याला वास्तुकार व्हायचं होतं आणि तसं शिक्षणही सुरू झालं होतं. पण डोळ्यांचा विकार झाला, नजर अधू झाली आणि ते शिक्षण सोडावं लागलं.

मग त्याने रसायनशास्त्राची वाट धरली आणि लंडनच्या टांकसाळीत धातूचा कस तपासण्याचं काम शिकला. चांदीत भेसळ किती, नाण्याचं वजन बरोबर आहे का, हे पाहण्याचं काम. आपल्याकडे मराठेशाहीत नाणी पारखणाऱ्याला पोतदार म्हणत. तसाच हा इंग्रज पोतदार म्हणा ना!

काशीची दहा वर्षं

१८१९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत आले. तिथे त्यांचे वरिष्ठ होते संस्कृतचे अभ्यासक होरेस विल्सन. पुढच्याच वर्षी त्यांना बनारसच्या टांकसाळीत पाठवलं गेलं. तिथे ते १८३० पर्यंत राहिले.

टांकसाळीचं काम सांभाळून त्यांनी बनारस शहराचा नकाशा तयार केला, साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून जमिनीखालून मोठा नाला बांधवला, कर्मनाशा नदीवर पूल उभारला. घाटांची चित्रं काढली. डोळ्यांमुळे वास्तुकला सुटली होती, पण तिची आवड कुठे सुटली होती!

कसाच्या कामासाठी त्यांनी अतिशय नाजूक तराजू बनवला. गव्हाच्या दाण्याच्याही कित्येक पट लहान वजनाचा फरक त्यावर कळत असे. नीट मोजायचं आणि मोजलेलं लगेच लिहून ठेवायचं, ही सवय त्यांना इथे लागली.

एक देश, शंभर रुपये

त्या काळी रुपया म्हणजे एकच नाणं नव्हतं. गावोगावच्या टांकसाळींचे वेगवेगळे रुपये चालत. आपल्याकडेच अंकुशी, चांदवडी असे कितीतरी प्रकार होते. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा आणि बट्टाही वेगळा. सामान्य माणूस यात नाडला जायचा. १८३५ साली कंपनीच्या मुलुखात एकाच वजनाचा आणि एकाच कसाचा रुपया सुरू झाला, त्यामागे प्रिन्सेप यांचे मोठे श्रम होते. या कामासाठी त्यांनी देशातल्या नाण्यांचे आणि वजन-मापांचे तपशीलवार तक्ते केले होते.

नाण्यांचा संग्रह

१८३० नंतर ते पुन्हा कलकत्त्यात होते. १८३२ पासून एशियाटिक सोसायटीच्या मासिकाचं संपादन त्यांनी केलं, आणि सोसायटीचे सचिव म्हणूनही काम पाहिलं. मग देशभरातून त्यांच्याकडे नाणी येऊ लागली. पंजाबमध्ये रणजितसिंहांच्या नोकरीत असलेले सेनानी, अफगाणिस्तानात फिरणारे प्रवासी, सौराष्ट्रातले अधिकारी, जो तो नाणी किंवा त्यांचे ठसे पाठवू लागला.

इथे प्रिन्सेप यांचं वेगळेपण दिसतं. एकसारखी नाणी एकत्र ठेवायची. प्रत्येकाचं चित्र स्वतः काढायचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, त्याला क्रमांक द्यायचा. धातू कोणता, दोन्ही बाजूंना काय आहे, अक्षरं कशी दिसतात आणि ते कुणाकडून, कुठून आलं, हे लिहायचं. वाचता येत नसलेली अक्षरंसुद्धा जशी दिसतात तशीच उतरवायची. मग हे सगळं मासिकात छापायचं, म्हणजे दूरच्या माणसालाही ते ताडून पाहता यावं.

या मांडणीतून अर्थ उलगडत गेला. वायव्येकडच्या यवन राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अक्षरं होती. ग्रीक बाजूवर राजाचं नाव वाचता येई. तेच नाव मागच्या बाजूला असणार, हे धरून खरोष्ठीतली बरीच अक्षरं लागली.

सौराष्ट्रातली क्षत्रपांची चांदीची नाणी याहून मजेशीर. त्यांवर राजाच्या नावाबरोबर त्याच्या बापाचंही नाव असे. एका नाण्यावरचा मुलगा दुसऱ्या नाण्यावर बाप म्हणून दिसला, की दोन्ही नाणी ओळीने लावता येतात. अशी नाणी मांडता मांडता आख्खी वंशावळच उभी राहिली!

ब्राह्मी उलगडली

१८३७ साली सांचीच्या स्तूपावरचे छोटे छोटे लेख त्यांच्याकडे आले. बहुतेक सगळे लेख एकाच दोन अक्षरांनी संपत होते. ही भक्तांनी दिलेल्या देणग्यांची नोंद असेल, म्हणजे शेवटचा शब्द दानं असेल, असा अंदाज त्यांनी बांधला. त्याआधी येणारं स हे अक्षर त्यांना नुकतंच सौराष्ट्राच्या नाण्यांवर भेटलं होतं. अमक्याचा, तमक्याचा अशा अर्थाने ते येतं हे त्यांना ठाऊक होतं. कुलूप उघडलं! काही आठवड्यांतच दिल्लीच्या स्तंभावरचा लेख वाचून झाला. या कामात पंडित कमलाकांत आणि पाली जाणणारे रत्नपाल यांची त्यांना मोठी मदत झाली.

लेखातला देवानंपिय पियदसि राजा कोण? आधी प्रिन्सेप यांना तो सिंहलद्वीपाचा राजा वाटला. मग तिथले अभ्यासक टर्नर यांनी पाली ग्रंथातून दाखवून दिलं, की हा मगधाचा अशोक. प्रिन्सेप यांनी आपली चूक मान्य केली आणि तसं जाहीरपणे छापलं. मुलांना हे जरूर सांगा.

अखेर

दिवसा टांकसाळ, रात्री नाणी आणि लेख. शरीराने किती सोसावं? १८३८ मध्ये डोकेदुखी वाढली, मेंदूचा विकार बळावला. नोव्हेंबरमध्ये त्यांना बोटीने इंग्लंडला नेलं. तिथे २२ एप्रिल १८४० रोजी ते वारले. वय अवघं चाळीस. कलकत्त्यात हुगळीकाठी त्यांच्या नावाचा प्रिन्सेप घाट आजही आहे. त्यांची नाणी पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. त्यांच्या सहवासात नाण्यांचा नाद लागलेला तरुण अलेक्झांडर कनिंगहॅम पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख झाला.

आपल्या घरी, आपल्या वर्गात

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपली छाप मारलेली होती. ती नाणी मोजली गेली, गाव लिहिलं गेलं, म्हणून सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा आपल्या हाती आला. तीच नाणी सुटी सुटी वितळली असती तर?

तेव्हा मुलांना एवढं शिकवू या :

१. नाणं घासायचं नाही. कडेने धरायचं.
२. प्रत्येक नाण्याला वेगळं कागदी पाकीट आणि क्रमांक.
३. पाकिटावर आधी लिहायचं, मग नाणं आत ठेवायचं. धातू, वजन, दोन्ही बाजूंची चित्रं, अक्षरं, साल.
४. कुणी दिलं, कुठून आलं, कधी आलं, हे न विसरता.
५. तीच माहिती एका वहीत, त्याच क्रमांकाने.
६. माहीत नसेल तिथे जागा कोरी. अंदाज असेल तर तो पेन्सिलने.

त्या मुलीने आता पाकिटं केली आहेत. बऱ्याच पाकिटांवर चौथी ओळ कोरी आहे. आजी अजून आहे, रविवारी तिला विचारते, असं म्हणाली. तुमच्याही घरी असा डबा असेल, तर सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.